परिक्रमा उचलण्याआधी

१९७० साली बाबा आमटे विकास आणि प्रकाश या आपल्या दोन मुलांना घेऊन भामरागडला सहलीला गेले. दोघंही तेव्हा डॉक्टरकी शिकत होते. आलापल्लीच्या पुढे धड रस्ता नव्हता. साग आणि बांबूचं दाट जंगल होतं, मधे मधे नाले आडवे येत होते. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम बघायचा आणि थोडं मोकळं राहायचं, एवढंच पोरांच्या मनात असणार. तिथे त्यांना माडिया गोंड भेटले. अंगावर जेमतेम कापड, पोटाला पुरेसं अन्न नाही, आजाराला औषध नाही, आणि बाहेरचा माणूस दिसला की झाडीत पळून जाणारे. या लोकांसाठी इथे काहीतरी उभं करावं, असं बाबांनी बोलून दाखवलं. ते काम मी करीन, असं प्रकाश म्हणाले. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या अलीकडे हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या जंगलात गेलं.

नर्मदा परिक्रमेच्या तयारीत असलेल्या माणसांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नागपूर, वर्धा, चंद्रपूर, यवतमाळकडची बरीच मंडळी परिक्रमेच्या तयारीला लागतात. कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणाची मुलं मार्गी लागलेली असतात, तर कुणी एकटं पडलेलं असतं. चातुर्मास संपला, कार्तिकी एकादशी झाली की परिक्रमा उचलता येते. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला आणि एकादशी अकराव्या तिथीला. मधे आठ दिवस उरतात. या आठ दिवसांचं काय करायचं, याचा विचार फार थोडे लोक करतात, आणि नेमके तेच दिवस वाया जातात.

कसे जातात ते मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. पाठपिशवी तीनदा भरली जाते आणि तीनदा उपसली जाते. बूट बदलून आणले जातात. सोसायटीत निरोपाचा कार्यक्रम होतो, शाल-श्रीफळ होतं, चुलत-मावस नातेवाईक भेटायला येतात, प्रत्येकाला चहा-फराळ होतो. राहिलेली बँकेची कामं, गॅसचा नंबर, किल्ली कुणाकडे ठेवायची, नर्मदामैयाला वाहायला कुणीकुणी दिलेली खणा-नारळाची ओटी. त्यात कुणीतरी सांगतं की सराव हवा, म्हणून रोज पहाटे दहा किलोमीटर. हा माणूस खंडव्याच्या गाडीत बसतो तेव्हा दमलेला असतो आणि पुढे त्याला सव्वीसशे किलोमीटर चालायचं असतं. पहिल्या आठवड्यातच पायाला फोड, गुडघ्याला सूज आणि मनात घराची याद घेऊन परतणाऱ्यांमध्ये असे दमून निघालेले बरेच असतात.

मला वाटतं, या आठ दिवसांत घरातून बाहेर पडावं. लांब नाही, महागडं नाही, रोज एक ठिकाण टिपत सुटायचं असंही नाही. दोन-तीन जागी निवांत राहावं. विदर्भातल्या माणसासाठी त्यातली मुख्य जागा हेमलकसा असावी. का, ते सांगते.

पण आधी परिक्रमेचा नियम समजून घ्यायला हवा, कारण आडवाटेच्या सहली निघण्याआधीच का उरकायच्या याचं उत्तर त्या नियमात आहे. परिक्रमावासी नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवून चालतो. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघाला की पश्चिमेला, समुद्रापर्यंत. तिथे विमलेश्वरहून नावेत बसून खाडीतून पलीकडे मिठीतलाईला. मग उत्तर तटाने पूर्वेला थेट अमरकंटकपर्यंत, आणि उगमाला वळसा घालून पुन्हा ओंकारेश्वर. उपनद्या ओलांडायला हरकत नाही, पण समुद्राजवळची ती एक जागा सोडली तर मैयाचा प्रवाह कुठेही ओलांडायचा नाही. शास्त्रात सांगितलेली परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची. आज बहुतेक पायी चालणारे चार-पाच महिन्यांत ती पुरी करतात. एवढ्या काळात तट सोडून शंभर किलोमीटर आत एखादं देऊळ बघून येऊ, मित्राला भेटून येऊ, असं करता येत नाही. करणारे करतात, पण मग ती परिक्रमा उरत नाही. पंढरीच्या वारीतही वाट आणि मुक्काम ठरलेले असतात, पण वारी तीन आठवड्यांत संपते आणि दिंडी सोबत असते. परिक्रमेत माणूस एकटा, वाट लांब आणि बांधिलकी एका नदीशी. म्हणून संकल्प सोडण्याआधी जे बघायचं, जिथे मन अडकलंय, जिथे जायचं कधीपासून राहून गेलंय, ते सगळं आधी.

आता वाट. नागपूरहून चंद्रपूरकडे निघालं की शंभरेक किलोमीटरवर वरोरा लागतं आणि गावालगत आनंदवन. १९४९ च्या सुमारास बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताई सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये घेऊन ओसाड माळावर आले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. बाबा ९ फेब्रुवारी २००८ ला गेले, साधनाताई २०११ च्या जुलैत. दोघांच्या समाधीपाशी बसावं, विणकामाचे माग बघावेत, एक रात्र राहावं. पुढे मूल तालुक्यात सोमनाथ आहे, बाबांचा १९६७ पासूनचा प्रकल्प. तिथल्या मे महिन्यातल्या श्रमसंस्कार छावणीत विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुदळ धरली. दिवाळीत तिथे धान कापणीला आलेलं असतं. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी सोमनाथ सोडलं तरी चालेल.

मार्कंडा मात्र सोडू नका. मूलहून चामोर्शीकडे गेलं की वैनगंगेच्या काठावर मार्कंडादेवचा देवळांचा समूह आहे. महाशिवरात्रीला इथे तुडुंब यात्रा भरते, इतर वेळी शुकशुकाट. नवव्या ते बाराव्या शतकातली ही देवळं. भिंतीवर इंच न इंच कोरीव काम, आणि मुख्य देवळाचं जीर्णोद्धाराचं काम पुरातत्त्व खात्याकडे वर्षानुवर्षं रेंगाळलेलं. मोजून-मापून उतरवलेले दगड अंगणात रांगेने मांडून ठेवलेले पाहिले की जीव तुटतो. पण परिक्रमावाशाला इथे बघण्यासारखं दुसरंच आहे. दक्षिणेला वाहणारी वैनगंगा मार्कंड्याला वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. नर्मदाही गुजरातेत तिलकवाड्याजवळ अशीच उत्तरेला वळते आणि तिथे चैत्रात एका दिवसाची उत्तरवाहिनी परिक्रमा होते. ज्यांना पूर्ण परिक्रमा झेपणार नाही ते सुमारे एकवीस किलोमीटरची ही परिक्रमा करतात. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात, सातपुड्यात. त्याच डोंगररांगेच्या उत्तर उतारावरचं पाणी नर्मदेला जातं आणि दक्षिण उतारावरचं वैनगंगेला. मार्कंड्याच्या घाटावर पाय बुडवून बसलात तर मैयाच्या शेजारणीला भेटून आलात असं समजा.

चामोर्शी, आष्टी, मग आलापल्ली. इथून सागाचं राज्य सुरू होतं. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारशाहच्या आगारातून सागवान गेलं, ते या पट्ट्यातलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे सरळसोट साग बघत जाताना ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ची पाटी दिसते. राखून ठेवलेला हा जुना जंगलतुकडा २०१४ मध्ये राज्याचं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. पुढे साठ-पासष्ट किलोमीटरवर हेमलकसा. पूर्वी पावसाळ्याचे सहा महिने हा भाग जगापासून तुटायचा. आजही पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी पेपरात येतेच. कार्तिकात मात्र नद्या उतरलेल्या असतात, हवेत गारवा असतो आणि रस्ते कोरडे.

प्रकल्पात आधी कळवूनच जावं. ते पर्यटकांचं गेस्टहाउस नाही. दवाखाना, आश्रमशाळा आणि अनाथ झालेल्या वन्यप्राण्यांचं घर असं तिहेरी काम तिथे चालतं, आणि पाहुण्यांच्या राहण्याची सोय त्यातून सवड काढून केलेली असते. २०१४ मध्ये नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांचा प्रकाश व मंदाकिनी आमटे यांच्यावरचा सिनेमा आल्यापासून तर गाड्या भरभरून लोक येतात, बिबट्या बघतात, फोटो काढतात आणि दोन तासांत निघून जातात. तसं येऊ नका. तीन रात्री राहता येत असेल तरच या.

प्राण्यांचं घर कसं सुरू झालं ते माहीत असावं. माडिया शिकारीवर जगणारे. मादी मारली की तिच्या अंगाला चिकटलेलं पिल्लूही खायचंच. प्रकाशभाऊंनी त्यांच्याकडून पहिल्यांदा एका माकडिणीचं पिल्लू मागून घेतलं आणि मग सांगितलं, अशी पिल्लं मिळाली तर आम्हाला आणून द्या, आम्ही तुम्हाला धान्य देऊ. उपाशी माणसाला शिकार करू नको म्हणणं त्यांना पटणारं नव्हतं, म्हणून त्यांनी ताटातलं काहीतरी पुढे केलं. पुढे अस्वलं आली, बिबटे आले, तरस आले, मगरी आल्या. हे दोघं पतिपत्नी २००८ चे मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी. पण पिंजऱ्यांपेक्षा जास्त वेळ तुम्ही दवाखान्याच्या आवारात घालवावा, असं मी सांगेन.

सकाळी लवकर जा. झाडाखाली तीन दगडांच्या चुली पेटलेल्या असतात. रुग्णाचे नातेवाईक इथेच राहतात, इथेच शिजवतात. जर्मनच्या डेगचीत भात किंवा जावा, म्हणजे पेज, रटरटत असते, शेजारी मिरची-मीठ. एखादी बाई मांडीवर तापलेलं पोर घेऊन बसलेली असते, एखादा म्हातारा नुसताच उकिडवा बसून विस्तवाकडे बघत असतो. यातले पुष्कळ जण इंद्रावतीपलीकडून, छत्तीसगडातून आलेले असतात. नदीला उतार मिळाला तर उतारातून, नाही तर डोंग्यातून, म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेल्या होडीतून. आजारी माणसाला चालवत नसेल तर खाटेची डोली करून, चार माणसं आळीपाळीने खांदा देत जंगलातून आणतात. कधी एक दिवस, कधी दोन. पूर्वी तर अस्वलाने फाडलेली, झाडावरून पडलेली, बाळंतपणात अडलेली माणसं अशीच दिवसेंदिवस चालत यायची. प्रकाशभाऊ आणि मंदाताईंनी सुरुवातीच्या काळात विजेशिवाय, कंदिलाच्या उजेडात त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या.

या आवारात बसल्यावर परिक्रमेला निघालेल्या माणसाला एक गोष्ट उमगते. चालणं हे आपण ठरवून, रजा काढून, बूट घेऊन हातात घेतलेलं व्रत आहे. या लोकांसाठी ते रोजचं आहे. त्यांना त्यातून पुण्य मिळवायचं नाही, डॉक्टर गाठायचा आहे. तरी वाटेत कुणी भेटलं तर ते थांबतात, बसतात, तंबाखू देतात-घेतात, जोहार करतात आणि मग पुढे निघतात. घाईने चालत नाहीत. आजारी पोराला घेऊन चाललेल्या बापाला जर वाटेत थांबता येतं, तर आज तीस किलोमीटर झालेच पाहिजेत, म्हणून आश्रमातला चहा टाळून पळणाऱ्या परिक्रमावाशाने यांच्याकडून काही शिकायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. परिक्रमेत माणूस घेणारा असतो. सदाव्रत घ्यायचं, मिळेल ते टिक्कड-डाळ खायची, गावकरी दाखवतील तिथे आसन लावायचं. रस्त्यात झोपडीतली बाई ‘कितनी मूर्ति?’ विचारते आणि संख्येप्रमाणे कणीक मळायला घेते. शहरात पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे घेणं फार जड जातं. तो पैसे पुढे करतो, किंवा अवघडून उपाशी राहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे हक्क समजून वसूल करतो. हेमलकशात राहून गेलेल्या माणसाची ही पायरी आधीच चढून झालेली असते. तिथे तुम्ही भाताच्या रांगेत शाळेतल्या मुलांच्या मागे उभे राहता, आपली थाळी आपण धुता आणि तुम्ही कोण, याचं तिथे कुणालाच सोयरसुतक नसतं.

आणि तिसरं. परिक्रमेच्या वाटेवर बडवाणी सोडलं की शूलपाणीची झाडी लागते. जुन्या काळी इथे भिल्ल ‘मामा’ परिक्रमावाशांना अंगावरच्या कपड्यांसकट लुटायचे. गोनीदांपासून जगन्नाथ कुंटे यांच्यापर्यंत परिक्रमेवर लिहिणाऱ्या मराठी माणसांनी त्या वाटेबद्दल लिहिलं आहे. आज तेच आदिवासी परिक्रमावाशांना जेवू घालतात. हा पट्टा काही अंशी महाराष्ट्रातच आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांना नर्मदेचा ५४ किलोमीटरचा काठ आहे. सरदार सरोवर धरणात बुडणाऱ्या तिथल्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकात जीवनशाळा सुरू केल्या. हेमलकशाची आश्रमशाळा त्याआधीची, १९७६ ची. भामरागडचा माडिया आणि धडगावचा पावरा यांच्या बोली वेगळ्या, देव वेगळे. तरी एका ठिकाणी जंगलातल्या माणसाचं दुखणं समजून घेतलं, की दुसऱ्या ठिकाणी त्याच्याकडे भीतीने किंवा कौतुकाने बघावंसं वाटत नाही. नीट बघता येतं.

आमटे कुटुंबाचं नर्मदेशी असलेलं नातं इथे आठवावंच लागतं. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बसता न येणारे बाबा १९८५ मध्ये ‘भारत जोडो’साठी कन्याकुमारीहून निघाले ते बसमध्ये आडवे पडून. १९९० मध्ये त्यांनी आनंदवन सोडलं आणि बडवाणीजवळ नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले, ‘निजबल’ नावाच्या घरात. सुमारे दहा वर्षं त्यांनी तिथे काढली. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाने धरणाखाली जाणाऱ्या लोकांच्या शेजारी घर केलं, ही त्यांची परिक्रमाच. जवळच्या राजघाटावर महात्मा गांधींच्या अस्थींची समाधी होती. २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि तो सगळा परिसर पाण्यात गेला. समाधी त्याआधी हलवली होती. परिक्रमेची जुनी वाटही कित्येक ठिकाणी त्या पाण्याखाली आहे. हेमलकशाहून निघालेला माणूस बडवाणीला पोचतो तेव्हा ते त्याच्यासाठी नकाशावरचं एक नाव नसतं.

संध्याकाळी भामरागडचा संगम. हेमलकशाहून तीनेक किलोमीटर, पायी जाण्याजोगं. कार्तिकात पाणी खाली गेलेलं असतं, काळे खडक उघडे पडलेले असतात आणि त्यांच्यामधून पाणी वेगवेगळ्या वाटांनी पुढे सरकत असतं. पाण्यात उतरण्याची घाई करू नका, खडक शेवाळलेले असतात आणि डोह फसवे. जाळं टाकणारी पोरं, भांडी घासणाऱ्या बाया, पलीकडे छत्तीसगडचं जंगल. इथे काही करायचं नाही. मोबाइलला रेंज मिळाली तरी काढू नका. शांत बसण्याची सवय लागायला दोन संध्याकाळी लागतात, आणि पुढचे चार महिने रोज संध्याकाळी तुम्हाला मैयाकाठी हेच करायचं आहे.

शरीराचं बोलायचं तर, या दिवसांत पाय तुटेस्तोवर चालू नये. लांब पल्ल्याची शर्यत धावणारे शेवटचे दोन-तीन आठवडे सराव मुद्दाम कमी करत आणतात. स्नायूंची झीज भरून निघते आणि साठवण वाढते. सराव भाद्रपद-आश्विनात करायचा असतो. आता फक्त रोज तास-दीड तास, पाठीवर पिशवी घेऊन, ज्या बुटांत जायचं त्याच बुटांत. नवे बूट आता घेतले असतील तर ते परत करा आणि जुनेच घाला. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या चार महिन्यांच्या पुरवठ्यासह चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण वाटेवरच्या खेड्यात तुमच्या ब्रँडची गोळी मिळेलच असं नाही.

आणि हे तर नीट वाचा. गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा आहे. भामरागड तालुक्यात मच्छरदाणीशिवाय झोपू नये, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, मलम लावावं. फाल्सिपेरम मलेरियाचा ताप डास चावल्यावर लगेच येत नाही, साधारण एक ते दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा येतो. म्हणजे हेमलकशात चावलेल्या डासाचा ताप तुम्हाला परिक्रमेच्या पहिल्या पंधरवड्यात, नर्मदेच्या काठी येणार. थंडी वाजून ताप आला तर ‘चालून चालून अंग तापलं’ म्हणून पॅरासिटामॉल खाऊन पुढे निघू नका. जवळचा दवाखाना गाठा, रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मी गडचिरोलीहून आलोय.

काही लोक म्हणतील, एवढं चंद्रपूरला जायचं तर ताडोबा का नको? महाराष्ट्राचं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान आहे, १९५५ चं. जरूर बघावं, पण या वेळी नको. जिप्सीत बसून वाघ दिसला की नाही याची धाकधूक, नाही दिसला तर हिरमोड, दिसला तर पुन्हा बुकिंगची हाव. परिक्रमेआधी मन ज्या बाजूला वळवायचंय, त्याच्या अगदी उलट बाजूला ते जातं. त्याऐवजी दिवस हाताशी असेल तर परतताना गडचिरोलीहून धानोऱ्याकडे मेंढा-लेखा करा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवणारं आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूची वाहतूक परवानगी स्वतःच्या हातात घेणारं हे गाव. ग्रामसभेत सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही, ही इथली रीत. चार-सहा जणांच्या गटाने परिक्रमेला निघणार असाल तर ही रीत शिकून घ्या. बहुतेक गट वाटेतल्या चढणीवर फुटत नाहीत, उद्या किती वाजता निघायचं यावरून फुटतात.

निघण्याआधी कुठेतरी जाऊन येण्याची ही चाल फक्त आपल्याकडची नाही. जपानात शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरची प्रदक्षिणा करणारे लोक कोयासान पर्वतावर कोबो दाइशींच्या समाधिस्थानी जातात. काही निघण्याआधी, काही संपल्यावर, काही दोन्ही वेळा. स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवर उलटं आहे. तिथे ७८० किलोमीटर चालून देऊळ गाठल्यावरही पुष्कळांचे पाय थांबत नाहीत, ते आणखी ९० किलोमीटर चालत समुद्रापर्यंत, फिनिस्तेरेला जातात. मला शिकोकूची पद्धत जवळची वाटते. आपल्याकडेही थोरामोठ्यांच्या पाया पडूनच निघतात, फक्त आपण त्यासाठी गावातल्या गावात धावपळ करतो.

परिक्रमेने माणसाचं पुढचं आयुष्य बदलल्याची उदाहरणं आहेत. भारती ठाकूर नाशिकच्या. परिक्रमेत नर्मदेकाठची शाळेपासून लांब राहिलेली मुलं त्यांनी पाहिली आणि पुढे खरगोन जिल्ह्यात लेपा इथे राहून ‘नर्मदालय’ उभं केलं. हेमलकसा तर सहलीतून उभं राहिलं. त्यामुळे परिक्रमेआधीच्या या दिवसांना मी करमणूक म्हणत नाही. अर्थात प्रत्येकाने शाळा किंवा दवाखाना काढावा असं मुळीच नाही. बहुतेक जण परत येतील, नातवंडांना गोष्टी सांगतील, पुन्हा भाजी आणायला जातील. तेही चांगलंच आहे. पण डोळे उघडे ठेवून निघालेला माणूस वाटेत जास्त बघतो, आणि डोळे उघडायला त्याला थोडा निवांतपणा लागतो.

हेमलकशाहून परतल्यावर दोन दिवस घरी काहीच करू नका. मग नागपूरहून इटारसी किंवा भुसावळमार्गे खंडवा. भुसावळमार्गे जाणाऱ्यांनी बुऱ्हाणपूरला उतरून असीरगड बघायला हरकत नाही. गडावरच्या महादेवाला अश्वत्थामा रोज फूल वाहतो, अशी त्या भागातली श्रद्धा आहे आणि शूलपाणीच्या झाडीतही तो परिक्रमावाशांना वाट दाखवतो, असं सांगतात. खंडव्याला धुनीवाले दादाजींची समाधी आहे, तिथे टेकून पुढे सत्तरेक किलोमीटरवर ओंकारेश्वर. एकादशीलाच उचललं पाहिजे असाही हट्ट धरू नका. कार्तिकी पौर्णिमेनंतर, मार्गशीर्षातही लोक निघतात. घाटावर गर्दी कमी असते आणि आश्रमांत जागा मिळते.

शेवटची सूचना ओंकारेश्वरातलीच आहे आणि ती चुकवली तर फार रुखरुख लागते. ज्योतिर्लिंगाचं ओंकारेश्वर देऊळ नदीतल्या मांधाता बेटावर आहे, म्हणजे दक्षिण तटावरून ते पलीकडे पडतं. संकल्प मात्र दक्षिण तटावर, ममलेश्वराच्या बाजूला होतो. म्हणून आधी पूल ओलांडून बेटावर जा, ओंकारेश्वराचं दर्शन घ्या, ओंकार पर्वताची सुमारे सात किलोमीटरची प्रदक्षिणा सावकाश करा, नर्मदा आणि कावेरीचा संगम बघा. रात्री दक्षिण तटावर या, दुसऱ्या दिवशी सकाळी संकल्प करा. एकदा संकल्प झाला की परिक्रमा पुरी होईपर्यंत त्या पुलावर पाय ठेवता येत नाही.